विमानाचे तिकीट म्हणजे प्रवाशाने कंपनीला दिलेली उचल

शिरोली एमआयडीसीत फाउंड्री चालवणाऱ्या एका गृहस्थांनी मला विचारलेला प्रश्न असा आहे. मे 2020 मध्ये कुटुंबासह मुंबईहून दिल्लीला आणि तेथून सिमल्याला जाण्यासाठी त्यांनी जानेवारीतच चार विमानतिकिटे काढली होती. टाळेबंदीत ती रद्द झाली आणि पैसे जवळपास वर्षभर अडकले. त्यानंतर विमानप्रवास पूर्वीसारखा राहिलाच नाही, असे ते म्हणतात: भाडी चढली, काउंटरवरची माणसे कमी झाली, प्रत्येक गोष्टीला वेगळे पैसे लागू लागले. हे सारे महामारीमुळे अपरिहार्यपणे घडले, की कंपन्यांनी महामारीच्या आडून उरकून घेतले, हा त्यांचा पहिला प्रश्न. आणि पुढच्या मे महिन्यातील तिकिटे आत्ताच काढून ठेवावीत का, हा दुसरा.

कोल्हापुरात विमानतिकिटांचा व्यवसाय करून मला 26 वर्षे झाली. या काळात कागदी तिकिटांची पुस्तके गेली, सगळा कारभार संगणकावर आला, भल्याभल्या कंपन्या डोळ्यांदेखत बंद पडल्या. पण मार्च 2020 नंतरच्या दोन वर्षांत या धंद्याचे जे अंतरंग दिसले, ते त्याआधी मलाही पुरते दिसले नव्हते. भाडी चढण्यामागे बऱ्याच अंशी खरी कारणे आहेत. आपले पैसे अडकण्यामागे मात्र एक जुनी व्यवस्था आहे. महामारीने ती निर्माण केली नाही, फक्त उघडी पाडली. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या तरच उत्तर नीट लागते, म्हणून आधी पैशांविषयी सांगतो.

आपल्या भागात ऊसतोडणीच्या हंगामापूर्वी वाहनमालक मुकादमाला उचल देतात आणि मुकादम ती टोळीतल्या माणसांना वाटतो. टोळी वेळेवर फडात उतरली तर उचल कामातून फिटते. टोळी आलीच नाही तर वाहनमालक मुकादमाच्या दारात जाऊन बसतो, आणि मुकादम सांगतो की पैसे पुढे गेले, आता माझ्या हातात काही नाही. विमानाच्या तिकिटाचा व्यवहार नेमका असाच आहे. आपण जानेवारीत मे महिन्याचे तिकीट काढता तेव्हा ते पैसे कोठे तिजोरीत बाजूला ठेवले जात नाहीत. त्यातून त्याच आठवड्याचे इंधन, विमानांचे भाडे आणि पगार भागतात. कंपनीच्या ताळेबंदात ती रक्कम विमान उडेपर्यंत देणे म्हणूनच दाखवलेली असते, पण रोकड खर्च झालेली असते. एरवी कोणी तिकीट रद्द केले तर नव्याने आलेल्या आरक्षणांच्या पैशांतून परतावा दिला जातो, आणि चाक फिरत राहते.

मार्च 2020 मध्ये हे चाक दोन्ही बाजूंनी एकाच वेळी थांबले. 22 मार्चपासून भारतात येणारी नियमित आंतरराष्ट्रीय विमाने बंद झाली आणि 24 मार्चच्या मध्यरात्रीपासून देशांतर्गत विमानेही जमिनीवर बसली. नवे आरक्षण शून्यावर आले आणि जुन्या सगळ्या प्रवाशांनी एकाच दिवशी पैसे मागितले. बुडत्या बँकेच्या दारात ठेवीदारांची रांग लागावी, तसाच हा प्रकार होता. बँकेशी तुलना मी मुद्दाम करतो आहे, कारण पुढे तिचा उपयोग होणार आहे. देशातील विमान कंपन्यांनी 2019 मध्ये 14.41 कोटी देशांतर्गत प्रवासी वाहून नेले होते. 2020 मध्ये ती संख्या 6.30 कोटींवर आली, आणि त्यातही पहिले अडीच महिने धंदा जवळपास सुरळीत चाललेला होता. जगभराचा विचार केला तर प्रवासी वाहतूक त्या एका वर्षात सुमारे 66 टक्क्यांनी घटली. खर्च मात्र त्या प्रमाणात घटत नाही. आपल्याकडील बहुतेक विमाने भाडेपट्ट्याने घेतलेली असतात आणि ते भाडे डॉलरमध्ये दरमहा द्यावेच लागते, विमान उडो अथवा न उडो.

आता या साखळीतील माझी, म्हणजे मुकादमाची जागा सांगतो. कमी दराच्या विमान कंपन्यांची तिकिटे विकण्यासाठी एजंटाला त्या कंपनीकडे आगाऊ रक्कम भरून ठेवावी लागते. तिला आम्ही वॉलेट म्हणतो. तिकीट काढले की वॉलेटमधून पैसे वजा होतात आणि रद्द झाले की परतावा वॉलेटमध्ये जमा होतो. टाळेबंदीत परतावा या वॉलेटमध्ये आकड्याच्या रूपाने दिसत होता, पण तो बँकेत काढता येत नव्हता. त्यातून फक्त त्याच कंपनीची तिकिटे घेता येत होती, आणि त्या कंपनीची विमाने तर उभी होती. एका कंपनीने तर रक्कम वॉलेटमध्येही न टाकता ‘क्रेडिट शेल’ नावाच्या खात्यात ठेवली: मूळ प्रवाशाच्या नावाने, मुदत एक वर्ष. माझ्याकडच्या एका आजोबांनी नातवाच्या मुंजीसाठी पाहुण्यांची तिकिटे काढली होती. मुंज घरातल्या घरात उरकली आणि पाहुण्यांच्या नावाने पाच क्रेडिट शेल तयार झाले. त्या पाहुण्यांना वर्षभरात कोठेच जायचे नव्हते, आणि पैसे तर आजोबांचे होते. हे त्यांना समजावून सांगताना मला जी लाज वाटली, ती मी विसरलेलो नाही.

येथे एक गोष्ट फार थोड्या लोकांना माहीत होती. परतावा क्रेडिट शेलमध्ये ठेवायचा की नाही हा निर्णय प्रवाशाचा असेल, कंपनीने तो आपोआप लागू करू नये, असे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांत महामारीपूर्वीपासूनच लिहिलेले होते. एजंटामार्फत काढलेल्या तिकिटाच्या परताव्याची जबाबदारीही कंपनीचीच आहे, कारण एजंट हा तिने नेमलेला प्रतिनिधी असतो, हेही त्याच नियमांत होते. म्हणजे नियम होता. पाळणाऱ्याकडे पैसे नव्हते आणि पाळायला लावणाऱ्याला कंपन्या बुडू द्यायच्या नव्हत्या. 16 एप्रिल 2020 रोजी केंद्राने जे पत्रक काढले, त्यात टाळेबंदीच्या काळातच काढलेल्या तिकिटांचा पूर्ण परतावा तीन आठवड्यांत द्यावा असे म्हटले होते. पण अडकलेली बहुसंख्य तिकिटे टाळेबंदीपूर्वी काढलेली होती, आणि आपलीही त्यांतलीच.

हा गुंता सर्वोच्च न्यायालयाच्या 1 ऑक्टोबर 2020 च्या आदेशाने सुटला. टाळेबंदीपूर्वी काढलेल्या आणि 24 मे 2020 पर्यंतच्या प्रवासाच्या तिकिटांचे पैसे कंपनीने 15 दिवसांत परत करावेत, असे त्यात ठरले. कंपनी आर्थिक अडचणीत असेल तर 31 मार्च 2021 पर्यंत वापरता येईल असा क्रेडिट शेल द्यावा, तो प्रवाशाला दुसऱ्या कोणाच्याही नावे करता यावा, आणि मुदतीअखेर न वापरलेली रक्कम रोख परत मिळावी, अशी तजवीज होती. शिवाय शेलच्या रकमेत 30 जून 2020 पर्यंत दरमहा अर्धा टक्का आणि त्यानंतर दरमहा पाऊण टक्का भर पडणार होती. एप्रिलमध्ये रद्द झालेल्या 40,000 रुपयांच्या तिकिटांचा हिशेब केला, तर मार्च 2021 पर्यंत ही भर सव्वाआठ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे 3,300 रुपये होते. ती मागणारे प्रवासी माझ्याकडे बोटांवर मोजण्याइतकेच निघाले. आपले पैसे वर्षभर अडकले ते या तरतुदीखालीच. ते बेकायदा नव्हते, पण ती सवलत कंपनीची होती, आपली नव्हे. आपण कंपनीला वर्षभर कर्ज दिले आणि व्याज मागायचे राहून गेले, असा त्याचा सरळ अर्थ आहे.

भाड्यांकडे वळण्यापूर्वी 25 मे 2020 नंतरचा काळ आठवावा लागेल, कारण आजच्या अनेक गोष्टींची मुळे तेथे आहेत. त्या दिवशी देशांतर्गत विमाने पुन्हा सुरू झाली, ती नेहमीच्या वेळापत्रकाच्या एक तृतीयांश मर्यादेत. मुंबईला तर सुरुवातीला दिवसाला 25 विमाने उतरण्याची आणि 25 सुटण्याचीच परवानगी होती. ही मर्यादा टप्प्याटप्प्याने वाढत डिसेंबर 2020 मध्ये 80 टक्क्यांवर गेली, दुसऱ्या लाटेत जून 2021 मध्ये पुन्हा 50 टक्क्यांवर आली, आणि 18 ऑक्टोबर 2021 रोजी पूर्णपणे उठली. सरकारने उड्डाणाच्या कालावधीनुसार सात गट पाडून प्रत्येक गटाला किमान आणि कमाल भाडे ठरवून दिले. मुंबई-दिल्लीसाठी ते 3,500 ते 10,000 रुपये होते, आणि 40 टक्के जागा 6,700 रुपयांच्या आत विकाव्यात अशी अट होती. लोकांनी कमाल भाड्याची चर्चा केली. माझ्या मते महत्त्वाचे होते ते किमान भाडे. कमाल मर्यादा प्रवाशाला लुटीपासून वाचवण्यासाठी होती, तर किमान मर्यादा ही अशक्त कंपन्यांना सशक्त कंपनीच्या दरयुद्धापासून वाचवण्यासाठी होती. रिकाम्या विमानाच्या काळात 1,500 रुपयांत मिळाले असते असे तिकीट आपल्याला कायद्याने 3,500 ला घ्यावे लागले. फेब्रुवारी 2021 मध्ये किमान दर 10 टक्क्यांनी आणि कमाल दर 30 टक्क्यांनी वाढवले गेले. हे सगळे बंधन 31 ऑगस्ट 2022 रोजी संपले, पण दोन वर्षांहून अधिक काळ ग्राहकाला त्या किमतींची सवय लागली होती, आणि व्यापाऱ्याला ग्राहकाची सवय फार लवकर कळते.

प्रवासाच्या अनुभवातील ज्या गोष्टी सर्वांच्या लक्षात राहिल्या, म्हणजे मास्क, चेहऱ्यावरची पारदर्शक ढाल, पांढऱ्या झग्यातील हवाई सुंदऱ्या, त्या माझ्या दृष्टीने सर्वांत कमी महत्त्वाच्या आहेत. मास्कची सक्ती 16 नोव्हेंबर 2022 रोजी उठली आणि विषय संपला. मधले आसन रिकामे ठेवावे का, हा वाद मुंबई उच्च न्यायालयापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि मधल्या प्रवाशाला अंगभर झगा द्यावा असा तोडगा निघाला. गंमत म्हणजे आमच्या कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळाला हा वाद शिवलाच नाही, कारण तेव्हा येथे उतरणाऱ्या छोट्या एटीआर विमानात मार्गाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोनच आसने असतात, मधले आसन नसतेच. मोठ्या जेट विमानांतील हवा दर दोन-तीन मिनिटांनी बदलते आणि फिरवलेली हवा 99.97 टक्के सूक्ष्म कण अडवणाऱ्या हेपा गाळण्यांतून जाते, हे मी तेव्हा शेकडो वेळा सांगितले असेल. ते खरेच होते, पण ऐकणाऱ्याची भीती विमानाची नव्हती. ती घरापासून विमानापर्यंतच्या वाटेची होती.

कोल्हापूरच्या प्रवाशासाठी ती वाट विशेषच बिकट होती, आणि हे मुंबईच्या प्रवाशाला कधी कळणार नाही. आपले लोक पुणे, मुंबई, बेळगावचे सांबरा किंवा गोव्याचे दाबोळी यांपैकी सोयीचा विमानतळ धरतात. सप्टेंबर 2020 च्या सुरुवातीपर्यंत जिल्ह्याबाहेर जायलाच ई-पास लागत होता. बेळगावचे विमान धरायचे तर 2021 मध्ये कोगनोळी नाक्यावर आरटीपीसीआर अहवाल दाखवल्याशिवाय कर्नाटकात पाऊल ठेवता येत नव्हते. म्हणजे विमानात बसण्यासाठी लागत नसलेला अहवाल विमानतळापर्यंत पोहोचण्यासाठी लागत होता. पुण्याची धावपट्टी दुरुस्त करण्यासाठी हवाई दलाने नेमका हाच मंदीचा काळ निवडला, आणि तो योग्यच होता. पण 26 ऑक्टोबर 2020 पासून पुढचे वर्षभर रात्री आठ ते सकाळी आठ तेथून विमानेच नव्हती. संध्याकाळी कोल्हापुरातून गाडी काढून पुण्याचे रात्रीचे विमान धरायची आमच्या उद्योजकांची पद्धत त्या वर्षी मोडली. मुंबईत उतरणाऱ्याच्या डाव्या हातावर 14 दिवसांच्या विलगीकरणाचा शिक्का बसत असे, आणि तो शिक्का घेऊन गावात शिरणे काय असते हे त्या माणसांनीच सांगावे.

कोल्हापूरच्या स्वतःच्या सेवांचेही हाल झाले. लहान शहरांना विमानसेवेने जोडणाऱ्या उडान योजनेतील मार्गांना सरकारी अर्थसाहाय्य तीन वर्षांपुरते असते. त्या मुदतीत मार्ग स्वतःच्या पायावर उभा राहावा अशी अपेक्षा असते. येथे ती मुदत ऐन महामारीत सापडली. मुंबईची सेवा देणारी ट्रूजेट ही कंपनीच 2022 च्या सुरुवातीला बंद पडली, आणि ऑक्टोबर 2022 मध्ये स्टार एअरने मुंबईची सेवा सुरू करेपर्यंत आपण पुन्हा रेल्वे आणि महामार्गावर आलो. तिरुपतीच्या विमानाचे कारणच मुळी बालाजी आणि अंबाबाई असे दुहेरी दर्शन होते. तिरुपतीचे मंदिर जून 2020 मध्ये उघडले, पण आपले देऊळ 16 नोव्हेंबर 2020 पर्यंत आणि पुन्हा एप्रिल ते ऑक्टोबर 2021 या काळात बंद होते. एका टोकाचा देव भेटत नसेल तर विमान कसे भरणार?

या काळात प्रवाशाच्या खांद्यावर जे काम आले, ते मात्र उतरले नाही. मे 2020 मध्ये वेब चेक-इन सक्तीचे झाले, कारण काउंटरवर संपर्क नको होता. बोर्डिंग पास घरी काढायचा, सामानाची चिठ्ठी स्वतः छापून लावायची, आरोग्याचे घोषणापत्र स्वतः भरायचे. साथ गेली, पण काउंटरवरची माणसे परतली नाहीत. उलट विमानतळावर बोर्डिंग पास घेणाऱ्याकडून पैसे आकारण्यापर्यंत मजल गेली, आणि जुलै 2022 मध्ये नागरी विमान वाहतूक मंत्रालयाला असे शुल्क घेऊ नये असे बजावावे लागले. घरून चेक-इन करताना पडद्यावर समोर येते ती पैसे देऊन आसन निवडण्याची पाटी. फुकटचे आसन कोठे दडले आहे ते शोधावे लागते. माझ्याकडे सत्तरी ओलांडलेले अनेक प्रवासी केवळ एवढ्या कामासाठी येतात. आपल्या प्रश्नातील ‘आडून उरकून घेतले’ हे शब्द मला येथे पूर्णपणे मान्य आहेत. संसर्ग टाळण्यासाठी आलेली पद्धत खर्च टाळण्यासाठी राहिली.

कागदपत्रांचा भारही तसाच. जुलै 2020 पासून निवडक देशांशी ‘एअर बबल’ करार, म्हणजे दोन देशांपुरती मर्यादित विमाने चालवण्याचे करार, झाले आणि नियमित आंतरराष्ट्रीय सेवा 27 मार्च 2022 रोजी पूर्ववत झाली. मधल्या काळात कोणत्या देशात कोणती लस चालते, किती तासांपूर्वीची चाचणी चालते, वाटेत कोठे थांबलेले चालते, हे नियम आठवड्याला बदलत. जून 2021 मध्ये परदेशी शिक्षणासाठी जाणाऱ्यांना कोविशिल्डचा दुसरा डोस 84 ऐवजी 28 दिवसांनंतर घेण्याची मुभा मिळाली, तेव्हा आपल्या जिल्ह्यातील कितीतरी मुलांची वर्षे वाचली. मग सप्टेंबरमध्ये ब्रिटनने भारतीय लस प्रमाणपत्रावरच आक्षेप घेतला, आणि त्यावर पूर्ण जन्मतारीख छापण्याची सोय झाल्यावर तो मिटला. माझ्याकडच्या एका विद्यार्थिनीच्या पारपत्रावर वडिलांच्या नावासह तीन शब्दांचे नाव होते आणि लस प्रमाणपत्रावर दोनच. तिला मुंबईत काउंटरवरूनच परत पाठवले. कंपनीचे म्हणणे असे की अपुऱ्या कागदपत्रांचा प्रवासी नेला तर परदेशी सरकार आम्हाला दंड करते. ते खरे आहे. पण त्या दंडाच्या भीतीने पूर्वी कंपनीचा कर्मचारी आधीच कागद तपासून फोन करीत असे. आता प्रवासी रांगेच्या टोकाला पोहोचल्यावर त्याला कळते.

आता भाडी. येथे मी कंपन्यांची बाजू घेणार आहे, निदान काही अंशी. विमान उभे ठेवणे म्हणजे स्कूटर ताडपत्रीखाली झाकणे नव्हे. इंजिनांची तोंडे बंद करावी लागतात, चाके ठरावीक दिवसांनी फिरवावी लागतात, वेग मोजणाऱ्या नळ्यांत किडे घर करतात. युरोपीय सुरक्षा यंत्रणेने याच कारणाने 2020 मध्ये चुकीच्या वेगनोंदींबद्दल सावध केले होते. वैमानिकाने 90 दिवसांत तीन उड्डाणे आणि तीन अवतरणे केली नसतील तर त्याला प्रवासी घेऊन उडता येत नाही. ज्यांनी माणसे काढली, त्यांना ती पुन्हा जमवताना दमछाक झाली. देशातील सर्वांत मोठ्या कंपनीने, इंडिगोने, जुलै 2020 मध्ये 10 टक्के कर्मचारी कमी केले. बरोबर दोन वर्षांनी, 2 जुलै 2022 रोजी, कर्मचारी मोठ्या संख्येने रजेवर गेल्याने तिची निम्म्याहून अधिक विमाने उशिरा सुटली. त्याच महिन्यात लंडनच्या हीथ्रो विमानतळाला रोज एक लाखाहून अधिक प्रवासी सोडणे झेपेना, म्हणून कंपन्यांना तिकीटविक्री आवरायला सांगावे लागले. मी पाठवलेल्या एका युरोप सहलीतील नऊ बॅगांपैकी तीन बॅगा प्रवासी घरी परतल्यानंतर आल्या.

त्यात रशिया-युक्रेन युद्ध आले आणि जून 2022 मध्ये दिल्लीत विमान इंधन किलोलीटरला 1 लाख 41 हजार रुपयांवर गेले. नंतर इंधन उतरले, पण विमानेच कमी पडू लागली. विमान बनवणाऱ्यांचे सुटे भाग महामारीपासून वेळेवर येत नव्हते, आणि जुलै 2023 मध्ये प्रॅट अँड व्हिटनीच्या इंजिनांतील धातूच्या दोषाने नवी कोरी विमानेही उभी करावी लागली. 2024 च्या सुरुवातीला एकट्या इंडिगोची सत्तरहून अधिक विमाने अशी जमिनीवर होती. दुसरीकडे प्रवासी मात्र परतले: 2023 मध्ये देशांतर्गत प्रवासी 15.2 कोटी झाले, म्हणजे 2019 पेक्षाही जास्त. माणसे वाढली आणि आसने तेवढी वाढली नाहीत, तर भाडे चढणारच. कोल्हापूरला नवे टर्मिनल मार्च 2024 मध्ये मिळाले, परंतु इमारत मोठी झाली म्हणून विमाने वाढत नाहीत. ती कोठून तरी आणावी लागतात.

ज्या मुद्द्यासाठी मी बँकेची तुलना केली तो आता येतो. गो फर्स्ट या विमान कंपनीने 2 मे 2023 रोजी दिवाळखोरीसाठी अर्ज केला, दुसऱ्या दिवसापासून तिची विमाने थांबली, आणि जानेवारी 2025 मध्ये कंपनी अवसायनात काढण्याचा आदेश झाला. उन्हाळी सुट्टीची तिकिटे काढलेल्या प्रवाशांचे पैसे धनकोंच्या लांबलचक यादीत जाऊन बसले. सहकारी बँक बुडाली तर ठेवीदाराला 5 लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. ते वाढवले गेले फेब्रुवारी 2020 मध्येच. ब्रिटनमध्ये सहलींच्या ग्राहकांसाठी 1973 पासून अशी संरक्षक व्यवस्था आहे. आपल्याकडे विमानाच्या तिकिटासाठी तसे काही नाही. महामारीत सबंध देशाची उचल अडकून आणि मग गो फर्स्टमध्ये ती बुडूनही, प्रवाशाचे आगाऊ पैसे वेगळ्या खात्यात ठेवावेत किंवा त्यांचा विमा असावा, ही साधी मागणी आपल्याकडे जोर धरत नाही. आम्ही एजंट लोकांनी ती लावून धरायला हवी होती. आम्ही आमच्या वॉलेटचे रडगाणे गात बसलो.

पुढच्या मे महिन्याच्या तिकिटांविषयी मग माझा सल्ला असा. मे महिन्यातील भाडी शेवटच्या आठवड्यात उतरतील अशी आशा ठेवू नये. मुंबई-दिल्लीसारख्या मार्गावर अडीच-तीन महिने आधी काढलेले तिकीट साधारणपणे परवडते, मात्र सहा-सात महिने आधी काढून फारसे काही वाचत नाही आणि उचल तेवढा जास्त काळ अडकते. पैसे क्रेडिट कार्डाने भरावेत, कारण कंपनी बुडाली तर बँकेकडे व्यवहार उलटवण्याची मागणी करता येते. रोख किंवा खात्यातून थेट दिलेल्या पैशांना हा मार्ग नाही. आरक्षणात माझा किंवा अन्य एजंटाचा नव्हे, तर आपला स्वतःचा मोबाइल क्रमांक द्यावा, म्हणजे वेळ बदलल्याचा संदेश आपल्याकडे येईल. कंपनीने विमान रद्द केले आणि पडद्यावर क्रेडिट शेलचा पर्याय आधीच खूण करून ठेवलेला दिसला, तर ती खूण काढून मूळ खात्यात परतावा मागावा. आपणच तिकीट रद्द केले आणि ते ‘परतावा नाही’ प्रकारचे असले, तरी त्यातील कर आणि विमानतळ शुल्क परत मिळते. चार तिकिटांचे मिळून ते सोडून देण्याइतके कमी नसते, आणि बहुतेक जण सोडून देतात.

आपला प्रवास दिल्लीचा असल्याने आणखी एक गोष्ट सांगतो. कोल्हापूर-मुंबई एका कंपनीचे आणि मुंबई-दिल्ली दुसऱ्या कंपनीचे अशी दोन स्वतंत्र तिकिटे काढली, तर पहिले विमान पावसाने किंवा धुक्याने रखडल्यास दुसऱ्या कंपनीवर आपली कोणतीही जबाबदारी नसते आणि चारही तिकिटे वाया जातात. दोन्ही टप्पे एकाच पीएनआरमध्ये, म्हणजे एकाच आरक्षण क्रमांकावर, मिळत असतील तरच उजळाईवाडीहून निघावे. मिळत नसतील तर आदल्या रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेसने मुंबईला जावे आणि दिल्लीचे विमान दुपारचे घ्यावे.